एक राउटर, चार स्विच: घरभर लॅन केबल फिरवताना

माझ्या माहेरचं घर कराडला. तळमजला, वर एक मजला आणि गच्चीवर एक खोली. भिंती नऊ इंची विटांच्या, मधे दोन स्लॅब. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं डबा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठोकला, वाय-फाय सुरू करून दिलं आणि तो गेला. हॉलमध्ये सगळं झकास चालायचं. पहिल्या मजल्यावर दादाच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. गच्चीच्या खोलीत तर काहीच पोचत नसे. मी सुट्टीला गेले की लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायचे, कारण दोन काड्या सिग्नल तिथपर्यंतच यायचा.

रिपीटर लावून पाहिला. रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुढे बोलतो, त्यामुळे साध्या रिपीटरमागे वेग निम्म्यावर येतो. शेवटी घराला रंग काढायचा होता, भिंती तशाही खरवडल्या जाणार होत्या. तेव्हा ठरवलं, आता केबलच टाकायची. आज त्या घरात एक राउटर आणि चार स्विच आहेत. हे काम करताना जे कळलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. घर बांधताना किंवा दुरुस्तीच्या वेळी हे वाचलंत तर जास्त उपयोग होईल. एकदा पुट्टी मारून झाली की भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

आधी कागद आणि पेन्सिल

दुकानात जाण्याआधी घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि ज्या ज्या वस्तूला केबल लागणार तिथे टिंब द्या. आमच्याकडची यादी अशी निघाली: हॉलमध्ये टीव्ही आणि तळमजल्याचा, केबलनं आलेलं नेट वाय-फायनं पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट. पहिल्या मजल्यावर दादाचा संगणक, भाच्याचा गेमचा डबा आणि आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट. गच्चीच्या खोलीत संगणक, प्रिंटर आणि सगळ्यांचे फोटो ठेवायची नॅस, म्हणजे जाळ्याला जोडलेली साठवणीची पेटी. शिवाय बाहेर चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर. एकूण तेरा टिंबं. राउटरला मागे लॅनची, म्हणजे घरातल्या केबलच्या जाळ्याची, चार तोंडं. स्विच हवा तो इथे.

स्विच म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी पेटी, असं ढोबळमानानं म्हणता येईल. पण ती मुकी पेटी नाही. कुठल्या पोर्टच्या, म्हणजे तोंडाच्या, मागे कुठलं यंत्र आहे हे ती येणाऱ्या डेटावरून आपणहून शिकते आणि प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आपल्या तक्त्यात टिपून ठेवते. त्यामुळे दादाच्या संगणकाचा डेटा नॅसकडे निघाला की तो नॅसच्याच वाटेनं जातो, घरभर ओरडत फिरत नाही. जुने हब मात्र आलेलं सगळं सगळ्यांकडे पाठवत. काही दुकानांत अजून स्विचलाच हब म्हणतात, म्हणून मागताना ‘आठ पोर्टचा गिगाबिट स्विच’ असं पूर्ण नाव घ्या; गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस वेगाचा.

आता या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं. कागदावर झाड काढा. राउटर हे मूळ. त्यातून एक खोड मुख्य स्विचपर्यंत. तिथून फांद्या, म्हणजे मजल्या-मजल्याचे स्विच. फांद्यांना पानं, म्हणजे यंत्रं. कुठल्याही पानावर बोट ठेवा आणि मुळापर्यंत सरकवत न्या. वाट एकच असली पाहिजे. दोन वाटा निघाल्या तर नकाशा चुकला. शून्य निघाल्या तरीही चुकला. पुढची प्रत्येक पायरी या एका नियमाला धरून आहे.

आमचा मुख्य स्विच जिन्याखालच्या कोनाड्यात बसला. ती जागा घराच्या मध्याशी, ओल नाही आणि जवळ प्लग. हा आठ पोर्टचा. त्यातून एक केबल राउटरला, एक पहिल्या मजल्यावरच्या पाच पोर्टच्या स्विचला, एक गच्चीवरच्या पाच पोर्टच्या स्विचला, एक कॅमेऱ्यांच्या स्विचला, एक टीव्हीला, एक हॉलच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला. सहा भरले, दोन शिल्लक.

मोजताना एक चूक हमखास होते. पाच पोर्टचा स्विच पाच यंत्रांना पुरत नाही, कारण एक तोंड वरच्या स्विचकडे जाण्यात खर्च होतं. पाचाचे चार उरतात, आठाचे सात. आणि वरच्या स्विचचंही एक तोंड त्यात जातं. म्हणून दोन तोंडं मोकळी राहतील असाच स्विच घ्या.

स्विचला स्विच, त्याला पुढचा स्विच अशी माळ लावली तर चालते का? चालते. एका स्विचमुळे लागणारा वेळ नगण्य आहे: गिगाबिट वेगानं डेटाचं एक पूर्ण पाकीट आत घेऊन पुढे ढकलायला साधारण १२ मायक्रोसेकंद. तीन स्विच ओलांडले तरी कुणाला जाणवणार नाही. अडचण दुसरीच. माळेतला मधला स्विच बंद पडला की त्याच्या पुढचं सगळं घर अंधारात, आणि पुढच्या सगळ्यांची वाहतूक त्या एकाच दुव्यावरून. म्हणून माळेपेक्षा मधल्या एका स्विचमधून चहूकडे फांद्या बऱ्या. घरात तीन पातळ्यांच्या पुढे जाऊ नका.

राउटर नक्की कोणता

फायबरचा जो डबा कंपनी देते, ज्याला त्यांची माणसं ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, तो बहुतेक वेळा स्वतःच राउटरही असतो. लोक त्याच्यामागे बाजारातून आणलेला आणखी एक राउटर लावतात. आता घरात दोन राउटर झाले आणि दोघंही स्वतःला घरमालक समजू लागले. आतल्या राउटरला जोडलेला फोन बाहेरच्या डब्याला जोडलेला टीव्ही शोधत बसतो आणि त्याला तो दिसत नाही. ब्राउझिंग चालू असल्यामुळे बिघाड आहे हेही लवकर लक्षात येत नाही. गेम आणि बाहेरून कॅमेरे पाहणं यांत मात्र त्रास होतो.

मार्ग दोन. कंपनीच्या डब्यालाच राउटर राहू द्या आणि तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. किंवा कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देईल असा, करून घ्या आणि तुमचा राउटर खरा राउटर करा. दुसऱ्या मार्गात कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावं लागू शकतं, ते आधी मागून घ्या. मी दुसरा मार्ग निवडला, कारण कंपनी बदलली तरी घरातली मांडणी बदलत नाही. आई-बाबा दोघंच राहत असते आणि फोन आला की मला पुण्याहून धावावं लागणार असतं, तर पहिला निवडला असता.

डब्यामागची तोंडंही नीट पाहा. काही ओएनटींवर चारांपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० एमबीपीएसचे. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. राउटरची किंवा मुख्य स्विचची केबल त्या एका तोंडातच गेली पाहिजे.

खरेदी

घरात साधे, सेटिंग नसलेले गिगाबिट स्विच पुरतात. ‘आमचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं, मग गिगाबिट कशाला?’ असं दादानं विचारलं होतं. कारण नॅस घरातच आहे. ५० जीबी फोटो गिगाबिटवर सात-आठ मिनिटांत जातात, १०० एमबीपीएसच्या स्विचमधून त्यांना सव्वा तास लागतो. शिवाय एखादा जुना १०० वाला स्विच मधे बसला की त्याच्या मागच्या सगळ्या फांदीचा वेग तिथेच अडकतो.

कॅमेऱ्यांसाठी पीओई स्विच घ्या, म्हणजे केबलमधूनच वीज जाते आणि गेटपाशी वेगळा प्लग लागत नाही. साध्या पीओईत एका पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, पीओई प्लसमध्ये ३०. रात्रीचे दिवे लागल्यावर कॅमेऱ्याला किती वॅट लागतात ते खोक्यावर पाहा, चारांची बेरीज करा आणि स्विचच्या एकूण वॅटच्या आत ती बसते का ते तपासा. आम्ही चार पीओई आणि दोन साधी तोंडं असलेला घेतला. साध्या दोनांपैकी एक मुख्य स्विचला, दुसरं रेकॉर्डरला. यात एक फायदा लपलेला आहे. चारही कॅमेऱ्यांचं चित्रण त्या स्विचमधूनच रेकॉर्डरला मिळतं, मुख्य स्विचवर येतच नाही.

या स्वस्त पीओई स्विचच्या पुढच्या बाजूला एक बारीक सरकतं बटण असतं. ते एक्स्टेंडवर गेलं तर लांबच्या कॅमेऱ्यासाठी पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो. व्हीलॅनवर गेलं तर कॅमेऱ्यांची तोंडं एकमेकांशी बोलणं थांबवतात. खोका उघडताना बोट लागून ते सरकतं आणि मग माणूस केबल बदलत बसतो. ते मधल्या, नेहमीच्या जागी आहे ना हे आधी बघा.

केबलबाबत मी फार आग्रही आहे. भिंतीत एकदा गेलेली केबल वीस वर्षं तिथे राहणार आहे. कॅट सिक्स दर्जाची घ्या आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात सीसीए नावाची केबल मिळते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त आणि हाताला हलकी असते. तिचा विद्युतरोध जास्त, ती वाकवताना तुटते आणि पीओईची वीज वाहताना जास्त तापते. ओळखायची कशी? एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या. एका पूर्ण खोक्यात ३०५ मीटर केबल येते. आम्हाला एवढी लागणार नव्हती, पण सुटी मोजून घेतलेल्या केबलवर कुठली आहे हे छापलेलं वाचायचं राहून जातं, म्हणून वाचूनच घ्या. तांब्याच्या केबलची कमाल लांबी १०० मीटर. घरात ती मर्यादा कधीच येत नाही.

भिंतीत ओढायची ती घट्ट तारेची, टेबलापाशी वापरायची ती मऊ, बारीक धाग्यांची तयार पॅच कॉर्ड. घट्ट केबल भिंतीतून काढून थेट संगणकात खुपसू नका. तिथे भिंतीवरच्या वॉलप्लेटमध्ये केबल खोचायचा जॅक बसवा. रोज हलणारं टोक जॅकच्या बाहेर राहतं आणि खराब झालं तर पाच मिनिटांत बदलता येतं.

केबल ओढणं

हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण उभं राहून. लाइटच्या पाइपातून लॅन केबल न्यायची नाही, कितीही जागा रिकामी दिसली तरी. २३० व्होल्टची वायर आणि लॅन केबल समांतर जात असतील तर निदान वीतभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना छेदायचंच असेल तर काटकोनात. २५ मिलिमीटरच्या पाइपात तीन-चार कॅट सिक्स आरामात जातात. त्याच पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा. उद्या आणखी एक केबल लागली तर ती दोरीच तुम्हाला वाचवेल.

कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचा बेंड लावा. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. कॅट सिक्सला म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर. अडकली तर झटका देऊन ओढायची नाही, मागे घेऊन पुन्हा सोडायची. साधारण ११ किलोच्या वर जोर लागला की आतली जोड्यांची पीळ बिघडते, आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन केबल टाका. मजुरी तीच लागते. आणि टोकाला हातभर केबल जास्त सोडा.

आठ रंग

आत आठ तारा, चार जोड्या. दोन्ही टोकांना एकच क्रम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘बी’ क्रम वापरतात. चिमटी खाली आणि तोंड तुमच्यापासून लांब धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते ते पाहा. इथेच आमचं गाडं अडलं होतं. वायरमनकाकांनी सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या: नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, निळ्याची, तपकिरीची. दिसायला फार सुबक. दोन्ही टोकांना तसंच, त्यामुळे टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. काका निर्धास्त, मीही. पण गच्चीची केबल कधी हजारावर जोडायची, कधी शंभरावर, कधी मधेच तुटायची. दोन दिवस मी स्विचला दोष देत राहिले.

कारण असं. तिसरी आणि सहावी तार मिळून एक जोडी म्हणून काम करते, म्हणून त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्या लागतात. बाहेरून येणारा गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होतो. काकांच्या क्रमात तिसरी हिरव्या जोडीतली होती आणि सहावी निळ्या जोडीतली. पीळ होती, पण चुकीच्या सोबतिणीशी. साधा दिव्यांचा टेस्टर तार जोडलेली आहे की नाही एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे का ते सांगत नाही. रंग डोळ्यांनीच तपासा. दोन्ही टोकं पुन्हा बसवल्यावर ती केबल आजतागायत एकदाही तुटलेली नाही.

बसवताना पीळ उलगडायची ती १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाऊन चिमटीत पकडलं गेलं पाहिजे. वॉलप्लेटच्या जॅकवर क्रम रंगांनीच छापलेला असतो, तिथे ‘बी’ची ओळ धरा. एका टोकाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ असं उलटं करायची जुनी पद्धत आता लागत नाही. आजचे स्विच कुठली तार बोलायची आणि कुठली ऐकायची हे आपापसात ठरवतात, त्यामुळे स्विचचं कुठलंही तोंड दुसऱ्या स्विचच्या कुठल्याही तोंडात चालतं.

जोडणी, एकेक करून

सगळ्या केबल एकदम खोचून मेन बटण दाबायचा मोह होतो. तसं करू नका. मुळापासून वर चढा.

पहिल्यांदा फक्त फायबरचा डबा आणि राउटर चालू करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे विसरलात तर केबल मेलेली असूनही इंटरनेट चालतं आणि तुमची फसगत होते. लॅपटॉप राउटरच्या लॅन तोंडात लावा, इंटरनेट येतं का पाहा. आले की राउटरच्या लॅन तोंडातून मुख्य स्विचला केबल द्या. वॅन लिहिलेलं तोंड फायबरच्या डब्यासाठी आहे, त्यात स्विच नाही. आता लॅपटॉप मुख्य स्विचमध्ये लावा. चाललं? मग पहिल्या मजल्याचा स्विच जोडा, वर जाऊन तिथे लॅपटॉप लावा. मग गच्ची. मग कॅमेऱ्यांचा. बिघडलंच, तर नुकतीच जोडलेली एकच केबल संशयित असते.

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी बघा. लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय का? १०० दिसला तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नाही. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे वेग पडला की कुठल्या तारा तपासायच्या हेही कळतं. दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत आलं पाहिजे आणि शंभर वेळा विचारलं तर शंभरपैकी एकही उत्तर हरवता कामा नये. तिसरं, आयपर्फ हा मोफत प्रोग्राम दोन संगणकांवर टाकून त्यांच्यामधला वेग मोजा. चांगल्या गिगाबिट दुव्यावर साधारण ९४० एमबीपीएस दिसतात. पूर्ण हजार कधीच दिसत नाहीत, कारण प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे मजकुराचा भार असतो.

पत्ते वाटणारा एकच

घरात प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो आणि तो राउटरमधला डीएचसीपी वाटतो. साधा स्विच पत्ते वाटत नाही, म्हणून स्विच कितीही वाढवले तरी इथे काही करावं लागत नाही. घोळ होतो तो जुना राउटर स्विच म्हणून वापरताना. बहुतेक घरांत माळ्यावर असा एक पडलेला असतो आणि तो फुकट चार तोंडं आणि वाय-फाय देतो, म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. मात्र क्रमानं करा.

तो अजून घराच्या जाळ्याला जोडू नका. फक्त लॅपटॉप त्याच्या लॅन तोंडात लावून त्याचं सेटिंगचं पान उघडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटर जिथून पत्ते वाटायला सुरुवात करतो, समजा १९२.१६८.१.१००, त्या पट्ट्याच्या बाहेरचाच द्या. सेव्ह केल्यावर तो नव्या पत्त्यावर उघडेल. तिथे जाऊन डीएचसीपी बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखंच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा: २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ यांपैकी. मग घराची केबल त्याच्या लॅन तोंडात द्या. वॅनचं तोंड रिकामं राहू द्या. त्यावर चिकटपट्टी लावा.

डीएचसीपी बंद करायचा राहिला तर दोघं पत्ते वाटतात आणि कुणाला कुठला मिळेल याचा नेम नसतो. अर्ध्या घराचं इंटरनेट चालतं, अर्ध्याचं नाही, आणि उद्या ती अर्धी बाजू बदललेली असते. एखाद्या यंत्राला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला पत्ता वाटणारं कुणी सापडलंच नाही. मग राउटरपर्यंतची वाट कुठे तुटली ते शोधा.

नॅस, प्रिंटर आणि रेकॉर्डर यांना राउटरच्या सेटिंगमधून कायमचा पत्ता राखून द्या.

फांदी फांदीला जोडली तर

गेल्या वर्षी गणपतीआधीची साफसफाई चालू होती. भाच्यानं पहिल्या मजल्यावरचं टेबल पुसलं, त्याला स्विचमधून निघालेल्या एका पॅच कॉर्डचं टोक लोंबकळताना दिसलं. सुटलं असेल म्हणून त्यानं ते शेजारच्या रिकाम्या खाचेत खोचलं. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. मिनिटाभरात तिन्ही मजल्यांचं इंटरनेट बंद. वाय-फायसुद्धा. बाबांनी फोन केला आणि म्हणाले, ‘सगळे दिवे एकदमच फडफडतायत गं.’ त्या एका वाक्यावरून मला कळलं.

काही संदेश असे असतात की ते सगळ्यांसाठी असतात, आणि स्विच ते सगळ्या तोंडांतून पुढे पाठवतो. वर्तुळ तयार झालं की तोच संदेश फिरून परत येतो, स्विच पुन्हा तो सगळीकडे पाठवतो. इथरनेटच्या पाकिटाला कालमर्यादा नसते, ते आपोआप मरत नाही. काही सेकंदांत अशा प्रतींनी सगळी वाट भरून जाते, आणि हे त्या स्विचपुरतं राहत नाही, सगळ्या झाडात पसरतं. दोन स्विचमध्ये दोन केबल टाकल्या तरी हेच होतं. ‘एक तुटली तर दुसरी चालेल’ म्हणून लोक असं करतात. साध्या स्विचवर कधीच करू नका.

महागड्या, सेटिंग असलेल्या स्विचवर याचा उपाय असतो. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या राडिया पर्लमन यांनी तो शोधला. स्विच आपापसात बोलून एक मूळ निवडतात आणि जादा वाटा स्वतःहून बंद ठेवतात. चालू दुवा तुटला की बंद ठेवलेला उघडतात. त्याचं नावच स्पॅनिंग ट्री, म्हणजे पुन्हा झाडच. साध्या स्विचमध्ये ही सोय सहसा नसते, तिथे झाड तुम्हालाच राखावं लागतं.

लूप, म्हणजे असं वर्तुळ, झालंय असं वाटलं तर मुख्य स्विचपाशी जा. मजल्यांकडे जाणाऱ्या केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर दिव्यांची फडफड थांबते, चूक त्या फांदीवर आहे. तिथे जाऊन तिथल्या केबल तशाच एकेक काढा. आमच्याकडे फोनवरून सांगून वहिनीनं चार मिनिटांत ती केबल शोधली. त्यानंतर कुठलीही पॅच कॉर्ड एका बाजूनं मोकळी लोंबकळत ठेवायची नाही, असा नियम केला. नको असेल तर दोन्हीकडून काढून खणात.

लाइट आणि वीज

लाइट गेली की राउटर बॅकअपवर चालू राहतो, पण मधला स्विच बंद होतो आणि सगळे म्हणतात इंटरनेट गेलं. फायबरचा डबा, राउटर, मुख्य स्विच आणि वाटेतला प्रत्येक स्विच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पाच पोर्टचा स्विच जेमतेम तीन वॅट खातो, वर्षभर अखंड चालला तरी सव्वीस युनिटच्या आसपास. इन्व्हर्टरला तो जाणवतही नाही. पीओई स्विचचा हिशेब मात्र कॅमेऱ्यांसकट करा.

वळवाच्या पावसाची काळजी वेगळी. गोठा, गॅरेज किंवा अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत नेट न्यायचं असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि तो त्या केबलवरून थेट तुमच्या स्विचमध्ये येतो. तिथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांच्यात सिग्नल बदलून देणारी पेटी, लावा. एका तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ‘ए’ आणि ‘बी’ अशा जोडीनं येतात, दोन्ही ‘ए’ आणलेत तर बोलणार नाहीत. काचेतून वीज वाहत नाही, एवढी एक गोष्ट त्या खर्चाला पुरेशी आहे. गेटवरच्या कॅमेऱ्यांसाठी पीओई स्विच धातूचा असेल तर त्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला खरोखरच अर्थिंगची तार जोडून घ्या. बहुतेक ठिकाणी तो स्क्रू तसाच मोकळा राहतो.

चिठ्ठ्या

सगळं चालू झालं त्या संध्याकाळीच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा: ‘गच्ची’, ‘दादा’, ‘गेट डावा कॅमेरा’. उद्यावर टाकलंत तर जिन्याखाली दहा निळ्या केबल एकसारख्या दिसतात. आमच्या कोनाड्याच्या दाराला आतून तो झाडाचा नकाशा चिकटवला आहे. खाली राउटरचा पत्ता आणि बाबांसाठी तीन ओळी: आधी फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा बघा. मग जिन्याखालच्या स्विचचा पहिला दिवा. दोन्ही ठीक असतील तर ताईला फोन करा.